जुन्या पुड्यांचा डबा

बारकीचं नाव बारकी पडलं तेव्हा ती पाळण्यात होती आणि खरोखरच बारकी होती. पुढे ती अंगापिंडाने अशी भरली की दोन्ही हातांत बादल्या घेऊन बांधावरून निघाली म्हणजे समोरचा माणूस आपसूक खाली उतरायचा. नाव मात्र तेवढंच राहिलं. मालकाच्या बागेत तिला सगळे बारकीच म्हणत आणि तीही हाकेला ओ देई.

बाग माडांची होती. एका टोकाला उभं राहिलं तर दुसरं टोक दिसायचं नाही, इतकी मोठी. बारकीचा नवरा त्या बागेत माडांवर चढून नारळ उतरवायचा. त्याला सगळे चढ्या म्हणत. बारकीकडे सापळे होते. सोंड्या भुंगा माडाला लागला की माड आतून पोखरतो, बाहेरून महिनोन्‌महिने हिरवागार दिसतो आणि एक दिवस शेंडा मान टाकतो. म्हणून बागेत जागोजागी बादल्या टांगल्या होत्या. बादलीला वरच्या अंगाला भोकं, बाहेरून गोणपाट गुंडाळलेलं, आत चुरलेली केळी कालवलेलं औषधाचं पाणी, आणि झाकणाला आतून तारेने अडकवलेली एक चपटी पुडी. पुडीचा भुंग्याला वास येतो, तो गोणपाटाला धरून चढतो, भोकातून आत जातो आणि बुडतो. हे एवढं बारकीला माहीत होतं. पुडीत काय आहे आणि भुंग्याला तो वास का आवडतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. विचारायला सवड हवी ना.

काम ओंगळ होतं. बादली उतरवायची, आतलं कुजकं पाणी चाळणीतून ओतायचं, चाळणीत उरलेले तांबडे भुंगे खड्ड्यात टाकून वर माती लोटायची, बादली धुवायची, पुन्हा पाणी कालवायचं. एखादा भुंगा जिवंत निघाला तर बारकी त्याला दोन नखांत धरून चिरडायची. हाताला तो आंबूस वास असा बसायचा की जेवताना ती डाव्या हाताने नाक खाजवायलाही भ्यायची. चढ्या चिडवायचा, "तुझ्या हातची भाकरी खाताना भुंग्याला काय वाटत असेल ते मला कळतं." तीही म्हणायची, "मग बुडा."

पुडी जुनी झाली की बदलायची. मुकादमाचा दंडक असा, की जुनी पुडी दाखवल्याशिवाय नवी हातात पडणार नाही, आणि जुन्या सगळ्या पुड्या नीट जपून ठेवायच्या; वर्षअखेरीला पुरवठादाराचा माणूस येऊन परत नेतो. आधी त्या पंपघरात ठेवत. पण पंपघराला लागूनच मुकादमाची खोली. तिथे संध्याकाळी भुंगे येऊन दारावर टपाटप आपटायला लागले, एक तर त्याच्या ताटात पडला. दुसऱ्या दिवशी मुकादमाने सापळ्यांवरच्या सगळ्या बायकांना बोलावलं आणि सांगितलं, "ही घाण मला इथे नको. आपापल्या घरी न्या, आपापल्या जबाबदारीवर ठेवा. एक जरी कमी भरली तरी मजुरीतून कापीन."

बायकांनी पुड्या ओच्यात बांधल्या आणि घरी नेल्या.

मजुरांची घरं बागेच्या कुंपणाला लागून होती. जमीन मालकाची, भिंती ज्याने उभ्या केल्या त्याच्या, आणि परसात झाड ज्याने लावलं त्याचं. असा तोंडी व्यवहार होता, कागद कसला नाही. बारकीच्या परसात सहा माड होते. तिच्या सासूने, आत्याबाईंनी लावलेले, आंघोळीच्या दगडावरचं पाणी वळवून वाढवलेले. आत्याबाईंना मालकाच्या बागेचं काही कौतुक नव्हतं. त्या म्हणायच्या, तिथला नारळ मोजायचा असतो, आपला खायचा असतो. घरातलं तेल त्या सहा माडांचं, छपराच्या झावळ्या त्यांच्या, चुलीतलं जळण त्यांचं, कपडे वाळत घालायची दोरी त्यांच्या काथ्याची आणि त्यांच्याच अंगाला बांधलेली. चढ्याला बागेत काम नसलं की त्या नारळांवरच आठवडा निघायचा.

बारकीने पुड्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या. डब्याचं झाकण गंजून गेलेलं, म्हणून आत्याबाईंनी तोंडाला फडकं बांधलं. डबा गेला परसातल्या लाकडांच्या खोपटात. बारकी पुडी हरवू देणाऱ्यांतली नव्हती. प्रत्येक वेळी जुन्या पुड्या आणून ती त्यात टाकायची, फडकं पुन्हा घट्ट बांधायची आणि आपण मुकादमाला बोलायला जागा ठेवली नाही म्हणून मनातल्या मनात खूश व्हायची.

सकाळी आत्याबाई परस झाडायला लागल्या की खोपटापाशी दोनचार भुंगे सापडायचे. त्या ते कोंबड्यांपुढे टाकायच्या. कोंबड्या तुटून पडायच्या. "बागेतलं औषध जोरात आहे," चढ्या म्हणायचा, "तिकडून पळून आपल्याकडे आसऱ्याला येतात." त्यावर सगळे हसले होते. ते हसणं पुढे बारकीला आठवायचं तेव्हा तिच्या तोंडाला कडू पाणी सुटायचं.

पावसाळा संपला आणि विहिरीकडच्या माडाची मधली पाती पिवळी दिसायला लागली. चढ्याने आधी मनावर घेतलं नाही. मग एकदा दोरी सोडवायला गेलेल्या बारकीला बुंध्याच्या वर हातभर एक भोक दिसलं, त्यातून तपकिरी चिकट ओघळ आलेला आणि भोकाच्या तोंडाशी चावून टाकलेला भुसा. ती चढ्याला घेऊन आली. चढ्याने खोडाला कान लावला. बराच वेळ तो तसाच उभा राहिला, डोळे मिटून, एक हात खोडावर पसरून. मग म्हणाला, "खातायत."

बारकीने कान लावला. आत ओलसर कुरकुर चालली होती. कुणी अंधारात बसून सावकाश काकडी खावी तसा आवाज. त्या आवाजाला घाई नव्हती. शेजारच्या माडाला लावला, तिथेही तेच. बाकीच्या चारांत काही ऐकू आलं नाही. तिने दोनदोनदा ऐकलं.

"मी रोज त्यांना पुरून येते," ती म्हणाली, "आणि ते माझ्याच घरात."

त्याच सुमारास मालकाच्या बागेतही कुंपणाच्या कडेचे काही माड लागले. मजुरांच्या घरांच्या बाजूचेच. मालकाला वर्दी गेली. मालक येणार म्हटल्यावर मुकादमाने घाईघाईने भुंगेबाईंना बोलावून घेतलं. या बाई किडींच्या खात्यातल्या. त्यांचं खरं नाव मोठं होतं, हुद्दा त्याहून मोठा. मजुरांनी त्यांना भुंगेबाई म्हणून मोकळं केलं होतं. बाई वाईट नव्हत्या. झाडाखाली चिखलात गुडघे टेकून बसायच्या, बायकांच्या हातचं पाणी प्यायच्या, विचारलं तर सांगायच्या.

त्या दिवशी त्या बारकीबरोबर सापळे बघत फिरल्या. एका बादलीत भुंगा जिवंत निघाला. बारकी नखं पुढे करणार तेवढ्यात बाईंनी तो तळहातावर घेतला.

"याच्या सोंडेवर हे बारीक केस दिसतात? म्हणजे हा नर. खरा बोलावणारा हाच."

"बोलावणारा म्हणजे?"

"याला आधी झाडाची जखम सापडते. कुठे कोयता लागलेला असतो, कुठे पात तुटलेली असते, त्या ओल्या लाकडाच्या वासावर हा येतो. बसतो, खायला लागतो. आणि खाताखाता याच्या अंगातच एक वास तयार होतो. तो हा हवेत सोडतो. उपाशी भुंग्याच्या अंगात तो फारसा बनत नाही, पोटात झाड गेलं की भरपूर बनतो. आपल्याला काही कळत नाही, पण यांच्या जातीला लांबून कळतो. नर येतात, माद्याही येतात. माद्या त्याच जखमेत अंडी घालतात."

"म्हणजे एकाला ताट मिळालं की तो सगळ्या भावकीला हाक मारतो."

"तसंच म्हणा. तो वास आता कारखान्यात करतात. तुमच्या पुडीत तोच असतो. बादलीत भुंगा नसतो, नुसती हाक असते."

बारकीला हे ऐकून मजा वाटली. इतकी वर्षं आपण हाका टांगत फिरतोय. ती म्हणाली, "मग जुन्या पुडीतली हाक संपते म्हणून बदलायची."

"संपत नाही. कमी होते. बागेत उपयोगाला येत नाही एवढी कमी होते, पण जवळपासच्या भुंग्याला पुरते. म्हणून तर जुन्या पुड्या बंद बरणीत ठेवायच्या असतात, झाडांपासून लांब. तुमच्याकडे कुठे ठेवतात?"

बारकी चालायची थांबली. हातातली बादली तिने खाली ठेवली. तिच्या डोळ्यांपुढे खोपट आलं, फडक्याने बांधलेला डबा आला, आणि डब्यात वर्षभराच्या पुड्या, एकावर एक, सगळ्या मिळून हाका मारणाऱ्या. सहा माडांच्या मधोमध.

"घरी," ती म्हणाली. "आम्ही सगळ्या घरी ठेवतो. मुकादमांनी सांगितलंय."

भुंगेबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि चटकन दुसरीकडे पाहिलं. "असं कसं सांगितलं त्यांनी," त्या पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "मी बोलते त्यांच्याशी."

बारकी तशीच घरी गेली, डबा उचलला, फडक्यावर फडकं, त्यावर प्लास्टिक, त्यावर दोरी असा बांधला आणि लांब माळावर खड्ड्यात पुरून आली. मजुरी कापायची तर काप म्हणाली. येताना तिला पंपघर आठवलं. मुकादमाच्या दारावर आपटणारे भुंगे आठवले. पुड्या हलवल्यावर ते आपटायचे थांबले होते, हेही आठवलं. म्हणजे त्याला भुंगेबाईंएवढं शास्त्र कळत नसेल, पण पुडी जिथे जाते तिथे भुंगा जातो एवढं तर त्याने ताटात पाहिलं होतं. पाहिलं, आणि पुड्या आमच्या घरी धाडल्या. तिची कानशिलं तापली. एखाद्याने आपल्या दारातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटावा, तर निदान शेजारी भांडतो. इथे आम्ही तो ओच्यात बांधून आणला आणि वर फडकं बांधून जपला.

मालक यायच्या आदल्या दिवशी मुकादमाने सगळ्यांना कुंपणापाशी जमवलं. भुंगेबाई बाजूला उभ्या होत्या. मुकादम म्हणाला, "रोग कुठून आला ते सापडलंय. या घरांमागच्या झाडांत भुंग्यांची खाण आहे. बारकीच्या परसातले माड उद्या काढायचे. सगळे. मग पुढची घरं."

"लागलेले दोनच आहेत," चढ्या म्हणाला. "चार ठणठणीत आहेत. मी कान लावून पाहिलंय."

"तुझ्या कानावर मी मालकाची बाग ठेवू?"

चढ्या भुंगेबाईंकडे वळला. बाई म्हणाल्या, "दोन काढावेच लागतील. बाकीच्यांना औषध देऊन बघता येईल." मुकादम नुसता त्यांच्याकडे बघत राहिला. त्यांनी घसा साफ केला. "अर्थात, निर्णय बागेचा आहे."

मग बारकी पुढे झाली. "बाई, पुड्यांचं सांगा ना यांना. मला सांगितलंत ते."

भुंगेबाई म्हणाल्या, "सर्वसाधारणपणे जुन्या पुड्या बंद बरणीत, झाडांपासून दूर ठेवायला हव्यात."

सर्वसाधारणपणे. एवढा लांब शब्द, आणि त्यात बारकीच्या बाजूने एक अक्षर नाही. शिकलेल्या माणसांकडे असे शब्द असतात, ऊन लागलं की आत शिरायला.

"मग आम्हाला घरी न्यायला कुणी सांगितल्या?" बारकीने मुकादमाला विचारलं.

"मला काय माहीत. मी कुठे सांगितलं? डबे साठवायची हौस तुम्हाला." तो बायकांकडे वळला. "काय गं, मी सांगितलं होतं?"

सापळ्यांवरच्या सगळ्याजणी तिथे होत्या. सगळ्यांच्या घरी डबे होते. शेजारची काकी तर त्या दिवशी बारकीच्या बरोबरीने ओचा बांधत होती, वर म्हणाली होती की मुकादमाच्या ताटात पडला तो भुंगा निदान चांगलं जेवला असेल. ती काकी आता पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. बाकीच्या कुणी पदर सारखा केला, कुणी नुसतीच लांब बघत राहिली. कुणी हो म्हणालं नाही आणि नाहीही म्हणालं नाही.

"बघ," मुकादम म्हणाला.

बारकीला मुकादमाचा राग होताच. पण घरी येताना तिच्या पोटात जे पेटलं होतं ते काकीच्या त्या अंगठ्याने.

दुसऱ्या दिवशी मालक आला, करवतवाले आले, आणि मुकादमाने फर्मान काढलं की घरांच्या भिंतींवर माड पडायला नकोत, आधी शेंडे उतरवायचे. शेंडे कोण उतरवणार? जमलेल्यांत एकच चढणारा होता. चढ्याने पायात दोरीचा फास घातला आणि आईने लावलेल्या माडावर चढला. लागलेला माड त्याने मुकाट्याने उतरवला. शेंडा खाली पडला तो फुटलाच, आत नुसता लगदा, आणि लगद्यात अंगठ्याएवढ्या पिवळट अळ्या वळवळत होत्या. लोकांनी नाकाला पदर लावले. मुकादम मालकाला म्हणाला, "पाहिलंत?" मालकाने मान हलवली. दुसराही तसाच निघाला. ते दोन ढीग तिथेच पेटवले.

तिसऱ्यावर चढ्या चढला आणि वर नुसता बसून राहिला. खालून मुकादमाने तीनदा हाका मारल्या. "हा चांगला आहे," वरून आवाज आला. "तोडतोस की घर खाली करतोस," मुकादम म्हणाला. थोड्या वेळाने कोयत्याचा आवाज यायला लागला. उतरल्यावर चढ्याच्या दंडाला वळ उठले होते आणि तो कुणाकडेच बघत नव्हता.

करवत आरपार गेली. खोड आडवं झालं. आत पांढरं स्वच्छ लाकूड, एक भोक नाही, एक डाग नाही. कापल्या जागी पाणी डबडबून आलं. सगळे बघत होते. मालकाने मुकादमाकडे पाहिलं.

"आत कुठेतरी अंडी असणारच," मुकादम म्हणाला. "पुढचा घ्या."

चौथा पांढरा निघाला. पाचवाही पांढरा. प्रत्येक वेळी मुकादम म्हणायचा पुढचा घ्या, आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज मागच्यापेक्षा मोठा व्हायचा. सहावा पडायच्या आधी आत्याबाई पुढे आल्या. लोकांना वाटलं, आता म्हातारी झाडाला मिठी मारणार. तसं काही झालं नाही. त्यांनी दोरीवरचे कपडे एकेक करून काढले, खांद्यावर टाकले, दोरीची गाठ सोडली आणि मुकादमाला विचारलं, "आता धुणं कुठे घालू?" त्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत. सहाव्या माडाचं लाकूड पाचव्याइतकंच स्वच्छ होतं. मालक गाडीत बसून निघून गेला.

दिवस कलला. परसात पहिल्यांदाच इतकं उघडंबोडकं आभाळ दिसत होतं आणि घराची मागची भिंत, कधी ऊन न पाहिलेली, ओलसर हिरवी दिसत होती. चार पांढरे बुंधे आणि चार ओले ओंडके तिथेच पडून होते. करवतवाले हिशेबापुरतं तोडून गेले. पुढचं काम कुणाला सांगितलेलं नव्हतं.

तेव्हा पहिला भुंगा आला. घोंगावत आला आणि बुंध्याच्या ओल्या कापावर बसला. मागोमाग दुसरा. भुंगेबाई परत निघाल्या होत्या त्या थबकल्या. मुकादमाला त्या म्हणाल्या, "हे असं उघडं ठेवू नका. ताज्या लाकडाच्या वासावर सगळे इथे येतील. इथून तुमची बाग किती लांब आहे? लगेच डांबर लावा, ओंडके पेटवा."

कुंपण दहा पावलांवर होतं.

मुकादमाचा चेहरा उतरला. "डांबर आणा," तो म्हणाला. चढ्याच्या अंगात ती सवय होती. माडावर कुठेही कोयता लागला की तो डांबर लावल्याशिवाय घरी जात नसे. तो उठायला लागला. बारकीने त्याचं मनगट धरलं. "तुम्ही बसा," ती म्हणाली. "आजच्या दिवसाचं तुमचं काम झालं." तो बसला.

मुकादम बायकांकडे वळला. त्या भिंतीच्या कडेला उभ्या होत्या. "काय गं, ऐकू येत नाही? ओंडके ओढा." काकीने पायाच्या अंगठ्याने माती उकरायला सुरुवात केली. कुणी पदर सारखा केला. कुणी लांब बघत राहिली. कालचाच गप्पपणा, तीच माणसं. मुकादम एकीकडून दुसरीकडे बघत गेला, आणि कुणी हललं नाही. शेवटी तो स्वतःच पंपघराकडे पळाला आणि डांबराचा डबा घेऊन आला. त्याला कुंचला धरता येत नव्हता. डांबर बाहीवर सांडलं, पायांवर सांडलं. तो एका बुंध्याला फासत होता तोवर पलीकडच्या ओंडक्यावर तीन बसले होते.

बारकी उठली. त्या ओंडक्यापाशी वाकून तिने एक भुंगा उचलला, तळहातावर उताणा केला. सोंडेवर बारीक केस होते. मुकादम हातातला कुंचला तसाच धरून तिच्या नखांकडे बघत राहिला. रोज ही बाई असले कितीतरी चिरडते, हे त्याला माहीत होतं.

बारकीने भुंगा सरळ केला आणि ओल्या लाकडावर होता तिथे परत ठेवला. त्याने पाय रोवले, सोंड आत घातली आणि खायला सुरुवात केली.

"अगं, मारलास का नाही?" मुकादम म्हणाला.

"तुम्ही कुठे सांगितलं?" बारकी म्हणाली, आणि आत्याबाईंच्या खांद्यावरचे कपडे आपल्या खांद्यावर घेऊन घरात गेली.